चिठ्ठीवरचे दिवस

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: किती, कधी आणि किती दिवस. पहिल्या दोन गोष्टी लोक नीट विचारून घेतात. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, जेवणाआधी की जेवणानंतर, हे मेडिकलवाल्याकडून दोनदा वदवून घेतात. ‘किती दिवस’ याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. गोळीनं बरं वाटलं की चिठ्ठीची घडी होते, ती आधार कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते आणि पुन्हा दुखलं की बाहेर निघते. चिठ्ठी फाटली तर रिकामं पाकीट नेलं जातं. पाकीटही हरवलं तर ‘ती बारीक पांढरी, मागच्या वेळी दिली होती ती’ एवढ्यावर काम भागतं.

औषधांचा गैरवापर म्हटलं की नशा करणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. ती आहेतच, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. पण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ज्या गैरवापराला कुणी गैरवापर म्हणतच नाही, तो या घडी घातलेल्या चिठ्ठीतून सुरू होतो. औषध खरं असतं, डॉक्टरही खरे असतात, पहिल्यांदा ते दिलंही योग्य कारणासाठीच असतं. चूक होते ती दिवसांची.

कायद्यानं या दिवसांचा विचार केलेला आहे. १९४५ च्या औषध नियमांमधल्या नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं असतं. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहिलेलं असावं लागतं. औषध दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख त्या चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, नोंदवायची असते, म्हणजे पुढच्या दुकानदाराला कळावं की हे औषध एकदा देऊन झालंय. आपल्या घरातली कुठलीही जुनी चिठ्ठी काढून बघा, त्यावर असा शिक्का क्वचितच सापडेल. हा नियम मुळात रुग्णाच्या जिवासाठी आहे, आणि असा शिक्का मागायचा हक्कही रुग्णाला आहे. तो कुणी मागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता अंगदुखीच्या पुडीकडे येऊ. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर वाकून कंबर धरते. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड खांद्यावरून बांधापर्यंत, बांधावरून गाडीपर्यंत वाहून मान आणि गुडघे बोलायला लागतात. एक दिवस बसून काढला तर रोज बुडतो. मग संध्याकाळी काउंटरवर मागणी होते, ‘भाऊ, आंग दुखी ऱ्हायनं, दोन टाइमन्या गोया दे.’ कागदाच्या चौकोनी तुकड्यात किंवा छोट्या पारदर्शक पिशवीत तीन-चार सुट्या गोळ्या येतात. त्यातली मोठी लांबट गोळी वेदनाशामक, बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक, सोबत पॅरासिटामॉल. एक पित्ताची. कधी स्नायू सैल करणारी एखादी. आणि सगळ्यात लहान, नखाच्या पाव भागाएवढी जी असते, ती बरेचदा स्टेरॉइडची: डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन, अर्धा मिलिग्रॅम.

पुडीचं नाव होतं ते या बारक्या गोळीमुळे. सूज उतरते, सांधे हलके होतात, भूक लागते, अंगात तरतरी येते. लोक तिला ‘पावरची गोळी’ म्हणतात. दमा उफाळला, अंगावर जोरदार ॲलर्जी उठली, काही प्रकारचा संधिवात असला, तर हेच औषध माणसाला वाचवतं. त्याला वाईट ठरवून टाकणं हा त्या औषधावरही अन्याय आहे. पण दिलं कुणाला, किती आणि किती दिवस, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्या दोन्ही किडन्यांच्या वर एकेक छोटी ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसोल नावाचं स्टेरॉइड स्वतः तयार करते. गोळीच्या भाषेत सांगायचं तर साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या तोडीचं. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी तीन-साडेतीन मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीची. म्हणजे दिवसाला दोन पुड्या घेतल्या की शरीराची दिवसभराची गरज बाहेरूनच भागते. मेंदूला कळतं की रक्तात माल भरपूर आहे, तो ग्रंथीला काम थांबवायला सांगतो. शिवाय डेक्सामेथासोन शरीरात दीड-दोन दिवस टिकतं, त्यामुळे ग्रंथीला मध्ये जाग यायलाही सवड मिळत नाही. तीनेक आठवडे हे रोज चाललं की ग्रंथी मंदावते. महिनोन्महिने चाललं तर आक्रसते आणि परत कामाला लागायला तिला कित्येक महिने लागतात.

आणि एके दिवशी माणूस गोळी बंद करतो. पैसे नसतात, किंवा कुणीतरी सांगतं की ही गोळी वाईट. बाहेरून येणारं थांबलं, आतलं सुरू झालेलं नाही. मग उठवत नाही, मळमळतं, उलट्या होतात, चक्कर येते, बीपी आणि साखर खाली जाते. त्यातच ताप किंवा जुलाब लागले तर जिवावर बेततं. तेवढं गंभीर झालं नाही तरी सांधे आधीपेक्षा जास्त दुखतात. माणूस यातून निष्कर्ष काढतो की आपल्याला गोळीशिवाय जमतच नाही, आणि पुन्हा काउंटरवर जातो. म्हणून ज्याला कुणाला तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पुडी चालू आहे, त्याला ‘आजपासून बंद कर’ असं सांगू नका. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवतात, कधी आठवड्यांत, कधी महिन्यांत, आणि प्रत्येक टप्प्याला रुग्ण कसा आहे ते बघतात.

स्टेरॉइड बाहेरून ओळखू येतं, फक्त आपण ते उलटं वाचतो. चेहरा गोल होतो, गाल भरतात, पोट सुटतं, मानेच्या मागे चरबी साठते. सोयरे म्हणतात, ‘तात्यांची तब्येत चांगली झाली.’ पण त्याच वेळी हातपाय बारीक झालेले असतात. खाली बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. हाताची कातडी कागदासारखी पातळ होते, जरा लागलं की काळा-जांभळा डाग पडतो. पोटावर जांभळट रेघा उमटतात. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यात मोतीबिंदू लवकर येतो. दबून बसलेला टीबी डोकं वर काढतो. खुब्याच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठ्याविना सुकतो, आणि मग माणूस गुडघ्यासाठी घेतलेल्या पुडीमुळे खुब्याच्या ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतो.

नंदुरबार जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, नवापूर या भागांतल्या आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आहे. यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. अशा रुग्णानं अंगदुखीची पुडी घेतली तर तीन गोष्टी एकदम घडतात. सिकलसेलमुळे खुब्याचा गोळा आधीच धोक्यात असतो, स्टेरॉइड त्यात भर घालतं. स्टेरॉइडचा असर उतरल्यावर कळा पुन्हा, कधी आधीपेक्षा जोरात, येऊ शकतात. आणि या आजारात किडनीला मुळातच लघवी घट्ट करता येत नाही, पाणी जास्त जातं. त्यावर वेदनाशामकाचा मारा बसतो. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या जोडप्यातल्या एकाला सिकलसेल असला तर फडावर दुखायला लागल्यावर जवळच्या दुकानात ‘मला सिकलसेल आहे’ हे सांगणारं कार्डही खिशात नसतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, तपासणी होते, कार्ड मिळतं. ते कार्ड पेटीत ठेवण्याऐवजी गाठोड्यात न्यायला हवं.

सिकलसेलमध्ये दिवसांचा हिशेब उलटाही लागतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेक रुग्णांना वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, दर काही आठवड्यांनी रक्त तपासत. कळा कमी झाल्या की लोक ते सोडून देतात. म्हणजे जी गोळी तीन दिवसांत थांबायला हवी ती तीन वर्षं चालते आणि जी चालायला हवी ती तिसऱ्या महिन्यात थांबते. फिटची औषधं, बीपीची औषधं, टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स, सगळ्यांचं हेच. फिटची गोळी अचानक सोडली तर फिट आधीपेक्षा जोरात येऊ शकते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

पुडीतली मोठी गोळी साधी वाटते, पण खानदेशच्या उन्हात ती साधी राहत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. रक्तातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारं रक्तही आटतं. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं किडनीची रक्तवाहिनी रुंद ठेवून तिचा वाटा टिकवतात. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या सिंचनात टंचाईच्या दिवसांत पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी जसा शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवतो, तसं त्यांचं काम. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं दुखणं कमी करतात ती याच प्रोस्टाग्लँडिनना अडवून. दुखऱ्या गुडघ्यातल्यांना अडवतात तसंच किडनीतल्यांनाही अडवतात. भर उन्हात, कमी पाण्यात, त्यातही बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना वेदनाशामक घेतलं, तर किडनी काही दिवसांत बंद पडू शकते. वेळेवर लक्षात आलं तर ती बहुधा सावरते. वर्षानुवर्षं रोज घेतली तर हळूहळू झिजते आणि मग सावरत नाही.

किडनी दुखत नाही, हीच अडचण आहे. किडनीच्या कामाचा अंदाज देणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं. आणि पुडीत पित्ताची गोळी आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा मोठाच गैरसमज आहे. ती गोळी जठर सांभाळते, तेही बऱ्याच अंशी, पूर्ण नाही. किडनीसाठी ती काहीच करत नाही. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर जठरातून रक्त जातंय असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पायावर, डोळ्याखाली सूज आली, लघवी कमी झाली किंवा तिला न विरणारा फेस यायला लागला, तर वेदनाशामक थांबवून क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यावं. वेदनाशामक गोळी थांबवायला स्टेरॉइडसारखी उतरवावी लागत नाही, लगेच थांबवता येते.

डायक्लोफेनॅक किडनीचं काय करू शकतं याचा पुरावा सातपुड्याच्या आकाशात आहे. आजारी गुरांना हे औषध टोचलं जायचं, ती मेली की गिधाडं त्यांचं मांस खायची आणि किडन्या निकामी होऊन मरायची. भारतातल्या गिधाडांच्या काही जातींमधली शंभरातली पंचाण्णवहून जास्त अशीच गेली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतंच ठेवलं गेलं. माणसाची किडनी गिधाडापेक्षा पुष्कळ सोशिक आहे. पण औषध तेच आहे.

पॅरासिटामॉलचा हिशेब वेगळा आणि फसवा आहे. निरोगी मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही शेवटची हद्द. दारू पिणाऱ्याला, कावीळ होऊन गेलेल्याला, अंगानं काटकुळ्या माणसाला त्याहून कितीतरी कमी. तापाची ६५० ची गोळी चार वेळा घेतली की २.६ ग्रॅम झाले. त्यावर सर्दीची गोळी तीन वेळा, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम. त्यावर अंगदुखीची पुडी दोनदा, प्रत्येकीत ३२५. बेरीज पावणेपाच ग्रॅम होते, आणि माणसाला वाटत असतं की आपण तीन वेगळी औषधं घेतली. लिव्हर सुजायला लागतं तरी पहिला दिवसभर फारसं काही जाणवत नाही. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टिन नावाचा, पण तो पहिल्या आठ तासांत सर्वात चांगला लागू पडतो. जास्त गोळ्या गेल्याची शंका आली की लक्षणांची वाट बघत बसू नये.

झोपेच्या गोळीची कहाणी बहुतेक वेळा दुःखातून सुरू होते. घरात कुणी गेलं, कर्ज फिटेना, मुलगी सासरहून परत आली. डॉक्टर आठवडाभर अल्प्राझोलाम देतात, ०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅमची. झोप लागते. आठवडा संपतो, दुःख संपत नाही, गोळी चालू राहते. रोज घेतली तर दोन ते चार आठवड्यांत मेंदूला तिची सवय जडायला लागते. मग तेवढ्यावर झोप येत नाही आणि बंद केली तर झोप पार उडते, हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम फुटतो. जास्त मात्रा एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला उठताना या गोळीच्या अमलात तोल जातो आणि खुबा मोडतो. सकाळी विसरभोळेपणा दिसतो, घरचे त्याला वय म्हणतात. दारूसोबत घेतली तर झोपेतच श्वास मंदावतो, कधी थांबतो.

याच गोळीला धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, आग्रा महामार्गावरच्या मालेगावात, ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. पोरं ती मूठभर घेतात. तीच गत कोडीनच्या खोकल्याच्या औषधाची. ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम कोडीन, म्हणजे शंभराच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम. चमचाभर घ्यायचं औषध बाटलीनं रिचवलं जातं. कोडीनचा काही भाग शरीरात मॉर्फिन होतो, तो श्वास दाबतो. बद्धकोष्ठ होतं, दात किडतात, भूक मरते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही त्याच रांगेतलं. जास्त झालं की फिट आणतं. नशेसाठी वापरलं जातं म्हणून २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. पोरांना मारून किंवा कोंडून हे सुटत नाही. अचानक तोडलं तर अल्प्राझोलामवाल्याचा जीवही जाऊ शकतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्यावं. नाही जमलं तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट, रात्रीही.

अंगावरची ट्यूब थोडक्यात सांगतो. गजकर्णाला मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड असलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि खाली बुरशी मोकळी पसरत राहते. ट्यूब थांबली की दुप्पट जागेवर उठते. चेहरा उजळायला लावलेल्या मोमेटासोनच्या क्रीमनं कातडी पातळ होते, उन्हात भाजते, मुरुमं येतात, मुलींच्या गालावर केस येतात. जांघेत आणि चेहऱ्यावर स्टेरॉइडची ट्यूब स्वतःच्या मनानं कधीही लावू नये.

अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ती दिसली की समजावं, हे सर्दी-खोकल्यासाठी घरात साठवायचं औषध नव्हे. यातला एक धोका फारसा बोलला जात नाही. रेंगाळलेल्या खोकल्याला लेव्होफ्लॉक्सासिन आठवडाभर घेतलं आणि तो खरा टीबी असला, तर तो तेवढ्यापुरता दबतो, थुंकीच्या तपासणीत लपू शकतो. निदान लांबतं आणि तोवर घरातली लहान पोरं त्याच हवेत श्वास घेत असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला तर आधी थुंकी तपासावी.

घरात आहे त्या औषधांची उजळणी करायला अर्धा तास पुरतो. सुट्या गोळ्या वेगळ्या काढा. ज्यांचं नाव कळत नाही त्या कुणाला देऊ नका. पाकिटावर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोलोन’ आलं तर ते बहुधा स्टेरॉइड. डेफ्लाझाकॉर्ट हे मात्र त्या खुणेत न बसणारं स्टेरॉइड आहे. ‘झोलाम’ किंवा ‘झेपाम’ आलं तर झोपेच्या गोळीच्या कुळातलं. लाल चौकटीतली सूचना असेल तर ते एच-वन यादीतलं औषध: १ मार्च २०१४ पासून अशा प्रत्येक विक्रीची डॉक्टर, रुग्ण आणि नगांसह वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते. दुकानातून पुडी नको, पाकीट कापून द्या आणि बिल द्या, असं सांगा. पाकीट कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग आपल्याकडे येईल असं बघा. पाकिटावर पेनानं सुरू केल्याची आणि थांबवायची तारीख लिहा. औषधानं काही विपरीत झालं तर १८००-१८०-३०२४ या सरकारी नंबरवर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते.

आणि वर्षानुवर्षं पुडी खाणारं कुणी घरात असेल, आई असो, आप्पा असोत, तर त्यांना रागावू नका. ते दुखण्यानं बेजार होते आणि स्वस्तात आराम मिळाला, एवढंच घडलं. उरलेली पुडी खिशात टाकून त्यांना सरकारी दवाखान्यात फिजिशियनकडे न्या. किती वर्षं, दिवसाला किती, शेवटची कधी, हे कागदावर लिहून न्या. बीपी, साखर, क्रिएटिनिन, लघवी आणि गरज वाटल्यास सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल तपासलं जाईल. स्टेरॉइड उतरवणं चालू असताना आणि संपल्यावरही वर्षभर, ताप, उलट्या-जुलाब किंवा अपघात झाला, तर समोरच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘यांना स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या’ हेच सांगायचं. मोतीबिंदूचं, हर्नियाचं, कसलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच सांगायचं. मंद झालेली ग्रंथी ऑपरेशनचा ताण पेलत नाही, त्यामुळे त्या दिवशी रुग्णाला स्टेरॉइडचं इंजेक्शन बाहेरून द्यावं लागू शकतं, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टरांना आपण सांगितलं तरच ठरवता येतं.